पत्ता ठाण्याचा, ताप पाड्याचा

माझ्या फोनमध्ये एक नंबर ‘वैतरणा वॉचमन’ या नावानं सेव्ह आहे. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. वैतरणा धरणाच्या पाण्यालगत आमच्या एका नातेवाइकांचा बंगला आहे, त्याची राखण नाना करतात. त्यांच्या हातचा चहा पाच-सहा वर्षं पितोय, पण आडनाव कधी विचारलं नाही.

फेब्रुवारी २०२१मध्ये आम्ही तिथे गेलो होतो. नाशिकचे सहा जण, ठाण्याहून आलेले पाच. पहिली लाट ओसरली होती, मंदिरं उघडली होती आणि वर्षभर घरात कोंडून घेतल्याचा सूड उगवायचा म्हणून प्रत्येक जण बाहेर पडत होता. शनिवारी दुपारी पोचलो. नानांची बायको आणि सून चुलीवर नागलीच्या भाकऱ्या थापत होत्या आणि आम्ही त्या धुरात, त्यांच्या खांद्याला खांदा लावून व्हिडिओ काढत होतो. मास्क गाडीच्या आरशाला लटकलेले. रात्री कुणाचा तरी वाढदिवस होता. उरलेला केक माझ्या मेहुण्यानं स्वतःच्या हातानं नानांच्या नातवाला भरवला. रविवारी संध्याकाळी आम्ही आपापल्या घरी.

बुधवारी मेहुण्याला कणकण आली आणि शुक्रवारी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. महापालिकेतून फोन आला, गेल्या काही दिवसांत कोणाकोणाच्या संपर्कात आलात ते सांगा. मेहुणा शिस्तीचा माणूस, त्यानं यादी करून दिली. आम्ही दहा जण, ऑफिसातले चौघे, इमारतीतला शेजारी, इस्त्रीवाला. इस्त्रीवाला आठवला, पण नाना काही त्या यादीत नव्हते. मीही त्या दिवशी पंधरा-वीस फोन केले असतील, चाचणी करून घ्या म्हणून. ‘वैतरणा वॉचमन’ हा नंबर काही लावला नाही. मनात आलं आणि टाळलं असंही नाही. आठवलंच नाही.

पावसाळ्यात पुन्हा गेलो तेव्हा नाना बोलता बोलता म्हणाले, “होळीच्या टायमाला आमच्या पाड्यावं घरटी ताप व्हता. दोन म्हातारी मानसं गेली.” चाचणी केली का, म्हणून विचारलं. ते हसले. मग स्वतःच म्हणाले, “दिंडोरीकडं द्राक्षाच्या कामाला गेलेली पोरं आली ना, त्यांनीच आणला.” मी मान डोलावली.

त्या मान डोलावण्याबद्दल हा लेख आहे.

तो ताप आम्हीच नेला असा माझा दावा नाही. पोरांनी आणला असेल, आठवडी बाजारातून आला असेल, एखाद्या हळदीतून आला असेल. पण एकाच पाड्यावर येणाऱ्या दोन वाटांपैकी एक सगळ्यांच्या तोंडी होती आणि दुसरी कुणाच्याच ध्यानीमनी नव्हती, अगदी नानांच्याही. गाडी घेऊन मजेसाठी येणारा माणूस रोग आणू शकतो हे आपल्या डोक्यात बसतच नाही. रोग आणतो तो गाठोडं घेऊन येणारा.

आधी जे मान्य करायला हवं ते करून टाकतो. नाशिक जिल्ह्यातला करोनाचा पहिला रुग्ण मार्च २०२०च्या शेवटी सापडला तो लासलगावच्या बाजूला. ते काही सहलीचं ठिकाण नव्हे, कांद्याची बाजारपेठ आहे. त्यानंतर महिनाभर सगळ्या राज्याचं लक्ष मालेगावकडे होतं, तिथेही कुणी सहलीला जात नाही. दुसऱ्या लाटेत लग्नांनी, अंत्यविधींनी आणि निवडणुकांनी आपला वाटा उचलला. तेव्हा पर्यटन बंद ठेवलं असतं तर खेडी वाचली असती, असं म्हणणाऱ्याच्या बाजूनं मी नाही. पण कांदा बाजारात न्यावाच लागतो, मेलेल्या माणसाला खांदा द्यावाच लागतो. धबधब्याखाली उभं राहावंच लागतं असं नाही. ज्या प्रवासाशिवाय कुणाचं काही अडत नव्हतं, त्याचीच झडती सगळ्यांत कमी झाली, हे मला खटकतं.

झडती कोणाची झाली ते आठवून पाहा. मार्च-एप्रिल २०२०मध्ये मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसं पायी उत्तरेकडे निघाली होती. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, पायात फाटकी चप्पल. त्यांना अडवलं, निवारा केंद्रांत ठेवलं, तपासलं. १ मे २०२०च्या रात्री महाराष्ट्रातून पहिली श्रमिक स्पेशल सुटली ती आपल्या नाशिक रोडहूनच, भोपाळकडे. साडेतीनशेच्या आसपास मजूर होते. गाडीत बसण्याआधी प्रत्येकाची तपासणी झाली, नाव, गाव, जिल्हा सगळं कागदावर आलं. त्या उन्हाळ्यात या रस्त्यावरचा सगळ्यांत जास्त तपासलेला प्रवासी हा सगळ्यांत गरीब प्रवासी होता.

गावांनीही तेच केलं. वेशीवर दगड रचले, बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या, ‘बाहेरच्या व्यक्तींना प्रवेश बंद’ असे फलक लावले. भिवंडीहून आलेल्या आपल्याच पोराला चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं, आई लांबूनच डबा ठेवून जायची. गावकऱ्यांना मी दोष देत नाही; त्यांच्या हातात तेवढंच होतं. पण बंगल्यांचे आणि रिसॉर्टचे रस्ते गावाच्या वेशीतून जात नाहीत. त्यांना फाट्यावरून वेगळा रस्ता असतो, वेगळं गेट असतं. त्या गेटाची किल्ली असते नानांकडे, आणि नाना संध्याकाळी वेशीच्या आत झोपायला जातात.

आता हा आजार पसरतो कसा, ते पाहू. करोनाची लक्षणं साधारण पाच-सहा दिवसांनी दिसतात, चौदा दिवसही लागू शकतात. लक्षणं दिसण्याच्या एक ते तीन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. दोन दिवसांची सहल या वेळापत्रकात अचूक बसते. शनिवार-रविवार माणूस ठणठणीत असतो, फोटोत हसतो. बुधवारी त्याला घरी ताप येतो. चाचणी होते ती ठाण्यात, आकड्यात भर पडते ती ठाण्याच्या. इकडे भाकऱ्या थापणाऱ्या बाईला पुढच्या आठवड्यात अंगदुखी सुरू होते. ती झंडू बाम लावून कामाला जाते, कारण पुढच्या शनिवारी दुसरे पाहुणे येणार असतात. ती पॉझिटिव्ह निघालीच, तर नोंद होते तिच्या तालुक्यात आणि शोध सुरू होतो तिच्या पाड्यापासून. आजार मोजला जातो तो माणसाच्या पत्त्यावर. तो कुठे घेतला आणि कुठे दिला हे कागदावर येतच नाही. म्हणून कितीही आकडे काढले तरी पर्यटनामुळे खेड्यात किती लागण झाली याचं उत्तर आपल्याकडे नाही, आणि आकडाच नाही म्हणून प्रश्नही नाही, असा सोयीचा निष्कर्ष आपण काढला.

युरोपातल्या एका गावानं हा हिशेब उलटा करून दाखवला. ऑस्ट्रियातलं इश्गल हे बर्फावर घसरायला येणाऱ्या पर्यटकांचं डोंगरातलं छोटं गाव. मार्च २०२०च्या सुरुवातीला आइसलँडनं बजावलं की तिथून परतलेले आमचे लोक बाधित निघतायत. तरी दारूचे गुत्ते काही दिवस चालूच राहिले. १३ मार्चला अख्खं खोरं बंद केलं, तोवर पाहुणे आपापल्या देशांत आजार घेऊन पोचले होते. ते सगळं उजेडात आलं ते पर्यटकांच्या देशांनी उलट बोट दाखवलं म्हणून. नानांच्या पाड्यानं ठाण्याकडे बोट दाखवायचं म्हटलं तर कुणाला फोन करायचा? त्यांच्याकडे आमचा नंबर ‘शेट ठाना’ असा असेल, फार तर.

हे नवं नाही. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग उघड झाला आणि पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मं शहर रिकामं झालं. माणसं रेल्वेनं निघाली, प्लेगही रेल्वेनं निघाला. कसाऱ्याचा घाट चढून तो आपल्या जिल्ह्यात आला. देवळाली स्टेशनाजवळच्या भगूरला १८९९मध्ये सावरकरांचे वडील दामोदरपंत प्लेगानंच गेले. स्टेशनांवर डॉक्टर उभे असत, प्रवाशांच्या काखा-जांघा चाचपत. पण या तपासणीचा जाच सगळ्यांत जास्त झाला तो तिसऱ्या वर्गाला. वरच्या वर्गाची अदब राखली जाई. त्याही आधी, १८६७च्या हरिद्वार कुंभात कॉलरा पसरला आणि यात्रेकरूंच्या परतीच्या वाटेनं उत्तरेत लांबवर गेला. त्यानंतर यात्रेकरू हा सरकारी अहवालांतला कायमचा संशयित झाला. मजूर आणि यात्रेकरू यांच्यावर संशय घ्यायची सवय आपल्याला ही अशी दीडशे वर्षांची आहे. वीकेंडला येणारा पाहुणा त्या यादीत कधीच नव्हता. तो पूर्वी ‘हवापालटा’ला येई. देवळाली-नाशिकची हवा छातीला चांगली, म्हणून मुंबईकरांची सॅनेटोरियमं इथे उभी राहिली. आमची हवा त्यांना लागायची. त्यांची हवा आम्हाला लागते का, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

२०२०मधला उघडझापीचा क्रम पाहिला की हे आणखी स्पष्ट होतं. संत निवृत्तिनाथांची पालखी दर वर्षी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला पायी जाते. त्या वर्षी पादुका एसटीत बसवून, मोजक्या वीसेक माणसांसह नेल्या. शेकडो वर्षांची पायी वाट वारकऱ्यांनी एका सांगण्यावर सोडली, कुरकुर न करता. हे जूनअखेर. त्यानंतर आठवडाभरात, ८ जुलैपासून, राज्यात हॉटेलं-लॉज एक तृतीयांश क्षमतेनं सुरू करायला परवानगी मिळाली. २ सप्टेंबरला जिल्ह्याबाहेर जाण्यासाठीचा ई-पास गेला आणि हॉटेलं पूर्ण क्षमतेनं खुली झाली. मंदिरं उघडली ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याला. म्हणजे अडीच महिने असे होते की त्र्यंबकचा देव कुलपात होता आणि त्र्यंबक रस्त्यावरची रिसॉर्टं भरलेली. मी देवळात फारसा न जाणारा माणूस आहे, तेव्हा ही देवाची कैफियत म्हणून सांगत नाही. हॉटेलवाल्यांची पोटं होती, कामगारांचे पगार होते, हेही खरं. पण गर्दीबद्दलची आपली भीती गर्दी कोणाची आहे यावर ठरते, हे त्या अडीच महिन्यांत लख्ख दिसलं.

आता मुद्दा पैशाचा. पर्यटनानं खेड्याला रोजगार मिळतो, हे वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की त्याच्या आत कुणी डोकावत नाही. खोटं नाही ते. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ पट्ट्यात पावसाची भातशेती झाली की हाताला काम नसतं. माणसं द्राक्षबागांत नाहीतर मुंबईच्या बांधकामांवर जातात. बंगल्याची राखण, भाकऱ्या, बागकाम यांमुळे काही घरं गावात टिकली. टाळेबंदीत हे पैसे बंद झाले तेव्हा नानांच्या घरी किती ओढ झाली ते मी पाहिलंय. म्हणून पर्यटक नकोच, असं पाड्यावर कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण या व्यवहारात जमिनीचा मालक ठाण्याचा, बुकिंगचं अ‍ॅप बंगळुरूचं, पाहुणा मुंबईचा, आणि आजारी पडण्याचा वाटा तेवढा गावचा. नाना पॉझिटिव्ह निघाले असते तर दोन आठवड्यांचा पगार कोणी दिला असता? या साध्या प्रश्नामुळेच पाड्यावर कुणी चाचणीला जात नव्हतं. लोक त्याला अडाणीपणा म्हणाले. मला तो हिशेब वाटतो.

आणि आजारी पडलं तर जायचं कुठे? सरकारी निकष असा आहे की डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तीन हजारांमागे एक उपकेंद्र. सपाटीवर हेच आकडे तीस हजार आणि पाच हजार. कागदावर ठीक. पण ही लोकसंख्या कोणती? जनगणनेतली, म्हणजे तिथे राहणारी. शनिवार-रविवारची माणसं त्यात नसतात. २०११च्या जनगणनेत त्र्यंबकेश्वर शहर बाराएक हजारांचं होतं. श्रावणातल्या एका सोमवारी तिथे किती माणूस असतं, हे गोदावरीकाठी राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. पहिन्याच्या धबधब्याकडे पावसाळ्यातल्या रविवारी गाड्यांची रांग लागते. हरिहर गडाच्या कातळपायऱ्यांवर माणसांची अशी मुंगीरांग लागते की वरचा उतरल्याशिवाय खालच्याला पाऊल टाकता येत नाही. या गर्दीसाठी पोलीस लागतात हे आपल्याला पटलंय, वनखात्याची पावती लागते हेही पटलंय. तिच्यासाठी जादा आरोग्यसेविका लागते, हे मात्र कुणाच्याच टिपणीत नसतं. आशाताई त्याच, मानधनासाठी मोर्चे काढणाऱ्या, पायी पाडे फिरणाऱ्या. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत त्यांनी घरटी ऑक्सिजन मोजला. बंगल्यांच्या गेटातून त्यांना आत कोण घेतं?

करायचं काय, तर फार मोठं काही नाही. हॉटेल असो वा बंगला, पाहुण्याचं आधारकार्ड पोलिसांसाठी घेतातच. साथ असताना तीच नोंद दोन-तीन आठवडे प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळाली, आणि पाहुणा नंतर आजारी पडला तर त्याच्या शहरातून त्या केंद्राला उलटा निरोप गेला, एवढं केलं तरी यादीत नसलेले नाना यादीत येतात. खाजगीपणाचा प्रश्न निघेल, निघायलाही हवा. त्यासाठी नोंद किती दिवसांनी पुसायची ते आधीच ठरवून टाकावं. मजुराच्या हातावर शाईचा शिक्का मारताना हा प्रश्न कुणाला पडला नव्हता, एवढी एक आठवण ठेवून.

दुसरं, १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यात यात्रेकरूंवर कर बसवण्याची तरतूद आधीपासून आहे. यात्रेकरू चालतो तर वीकेंडचा पाहुणा का नाही? काही ठिकाणी गाडीमागे पावती फाडतातच, ते पैसे पार्किंगच्या मुरुमात जातात. त्यातला ठरावीक वाटा उपकेंद्राला बांधून द्यावा, आणि साथीच्या काळात बंगल्यावर राबणाऱ्या माणसाला चाचणी करून घरी बसावं लागलं तर त्याच्या मजुरीची जबाबदारी मालकावर टाकावी. बंगलेमालक ओरडतील. आमचे नातेवाईक पहिले ओरडतील, मला खात्री आहे. दिवाळीला तो वाद होऊन गेलाय.

हे आत्ताच काढायचं कारण रस्ता आणि सिंहस्थ, म्हणजे नाशिक-त्र्यंबकचा कुंभमेळा. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. कसारा घाटाच्या पोटातून जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा झाला. घाटातल्या कोंडीमुळे जे मुंबईकर कंटाळा करत होते तेही आता नाश्त्याला निघून जेवायला पोचतात. आणि ३१ ऑक्टोबर २०२६ला ध्वजारोहण होऊन सिंहस्थ सुरू होतो, २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमृतस्नानं. तयारीच्या बैठकांच्या बातम्या रोज वाचतो. घाट, रिंगरोड, साधुग्राम, पूल. शहरात तात्पुरती रुग्णालयं उभी राहतील, डॉक्टर बाहेरून येतील, पर्वणी उरकली की तंबू गुंडाळून जातील. पण भाविक परत जाताना अंजनेरीला थांबतो, वैतरण्याच्या बाजूला एक रात्र काढतो, कुठल्या तरी ढाब्यावर कुणाच्या तरी हातची भाकरी खातो. आपला आराखडा रामकुंड आणि कुशावर्त या स्नानाच्या कुंडांवर संपतो. आजार तिथे संपत नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये हरिद्वारला काय झालं ते आपण पाहिलंय. शाही स्नानं झाली, मग साधू आजारी पडू लागले, मग कुंभ प्रतीकात्मक करा असं आवाहन आलं, आणि तोवर गाड्या भरून परतीला लागल्या होत्या.

परवा नानांचा फोन आला. धबधबे सुटलेत, कधी येता म्हणाले. “आता काय, बोगदा झाला, दीड-दोन तासांत येत्यात ठान्याची मानसं. सीझन लई भारी हाय औंदा.” मी विचारलं, तुमच्या उपकेंद्रात सिस्टर कधी असतात? त्यांना प्रश्न जरा विचित्रच वाटला असावा. थोडं थांबून म्हणाले, “मंगळवारी येती. का वं, कोन आजारी हाय का?”

“नाही, सहज,” मी म्हणालो. “आम्ही शनिवारी येतो.”